पाटल्यांचा फ्लॅट

कोल्हापूर,
11 जानेवारी 2026

प्रिय विजू,

वाकडच्या फ्लॅटला गिऱ्हाईक आलंय. 85 लाख! परवा एजंटाचा फोन आला, संक्रांत झाली की टोकन द्यायला तयार आहेत. घरात सगळे खुशीत आहेत आणि माझी झोप उडालीय. हे तुलाच कळेल, कारण या फ्लॅटसाठी सराफाकडे पाटल्या उतरवून ठेवल्या तेव्हा शेजारी तू होतीस. ह्यांना अजूनही वाटतं, ते पैसे भिशीचे होते.

तब्येती ठीक. गुडघा आहे तसाच.

तर ऐक. भाऊजी म्हणाले, "वहिनी, विकलात तर पाच लाख कर बसेल. नाहीतर दुसरं घर तरी घ्या." मी धास्तावून सीएंकडे गेले. त्यांनी कागदावर मांडून दाखवलं. नवा दर साडेबारा टक्के, पण त्यात महागाईची सूट नाही. त्या हिशेबाने खरंच पाच लाखांच्या घरात जातं. पण 23 जुलै 2024 च्या आधी घेतलेल्या घराला जुनी पद्धतही चालते. दर 20 टक्के, मात्र खरेदीची किंमत महागाई निर्देशांकाने वाढवून धरायची. दोन्हींत ज्याचा कर कमी, तेवढाच भरायचा. आपण घेतलं 2012-13 मध्ये, तेव्हाचा निर्देशांक 200, यंदाचा 376. मुद्रांक शुल्कासकट माझे 45 लाख गेले होते, त्याचे झाले 84 लाख 60 हजार. एजंटाची एक टक्का दलाली गेली की मला मिळणार 84 लाख 15 हजार. नफा नाही, म्हणून कर नाही. मग कर वाचवायला दुसरं घर नको आणि पाच वर्षं अडकणारे बाँडही नकोत. खरेदीदार 1 टक्का टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापेल, तो रिटर्न भरल्यावर परत.

सीए म्हणाले, पेढे आणा. मी जिना उतरता उतरता मधेच थांबले. नफा नाही म्हणजे नाहीच ना गं? तेरा वर्षांत त्या घराने या निर्देशांकाइतकीसुद्धा वाढ दिली नाही. आणि हा निर्देशांक म्हणे खऱ्या महागाईच्या पाऊणपटच वाढतो! कर्जाच्या व्याजाचे वीसेक लाख तर यात धरलेलेच नाहीत. ते भाड्यातून वजा दाखवलेत, त्यामुळे खरेदीखर्चात पुन्हा धरता येत नाहीत.

भाडं म्हणशील तर महिन्याला 28 हजार. ऐकायला बरं वाटतं. मेंटेनन्स 4 हजार, उन्हाळ्यात टँकरची वर्गणी वेगळी, मालमत्ता कर, नळ, रंग. भाडेकरू बदलला की महिनाभर घर रिकामं आणि वर एका महिन्याचं भाडं एजंटाला. चांगल्या वर्षी अडीच लाख उरतात, वाईट वर्षी दोनही नाही. 85 लाखांवर हे तीन टक्केसुद्धा होत नाहीत, बँकेत एफडीला सहाच्या वर मिळतात. मेट्रो सुरू होईपर्यंत थांबा, असं एजंट सोडून सगळे सांगतायत.

आणि सोनं! पाटल्या दिल्या त्या दिवाळीत तोळा 31-32 हजार होता. आज सव्वा लाखाच्या वर. हा आकडा घरात कुणासमोर काढू?

तू 2017 मध्ये त्याच सोसायटीतला तुझा फ्लॅट विकलास तेव्हा मी म्हणाले होते, भिंती विकून म्युच्युअल फंडाचे कागद घेतेस. सुमीच्या लग्नात तू माझ्या शेजारचं ताट उचलून दुसऱ्या पंगतीत जाऊन बसलीस, जिलबीसकट! त्या भांडणात मी अजून माघार घेतलेली नाही. केतकीची चार वर्षांची फी त्याच भाड्यातून गेली. म्युच्युअल फंडाचे पैसे मी मधेच कधीतरी मोडले असते; घर मोडता येत नाही, म्हणून टिकलं.

पण आता केतकी कमावती झाली आणि दर दोन महिन्यांनी गुडघा घेऊन पुण्याला जाणं मला झेपत नाही. मन विकण्याकडे झुकलंय. एकच अट घालणार आहे. भाडेकरू बाई नर्स आहेत, त्यांची मुलगी यंदा दहावीला. करार मे अखेरपर्यंत आहे. परीक्षेच्या तोंडावर त्यांना घर शोधायला लावणार नाही. ताबा जूनमध्ये घ्यायचा असेल तर टोकन द्या, असं कळवते. गिऱ्हाईक गेलं तर जाऊ दे. ह्यांना हे पटलेलं नाही.

पैसे आले की त्यातून पाटल्या करायच्या का, हे तू सांग. तेवढ्याच वजनाच्या. ह्यांना काय सांगायचं तेही तूच सुचव, तेव्हाचं भिशीचं तुलाच सुचलं होतं.

नातीचं बारसं छान झालं ना? फोटो पाहिले, नाक तुझंच. बंगळूरची थंडी सांभाळ.

तुझ्या वेळी सोसायटीकडून ना-हरकत पत्र आणि शेअर सर्टिफिकेट किती दिवसांत मिळालं होतं? सेक्रेटरी तेच आहेत. टोकन घ्यायच्या आधी मला हे कळायला हवं. बुधवारी संक्रांत, गुरुवारी सकाळी फोन कर. ह्यांची बँकेची वेळ धरून, अकरानंतर.

तुझीच,
शैला