लष्करातल्या बोळांची जुनी नावे नकाशात यावीत

महोदय,

ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून तयार केलेला नकाशा 2004 पासून सुरू आहे. खाते उघडून कोणीही त्यात आपल्या गल्लीची नोंद करू शकतो. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील मराठी तरुणांनी हे काम हाती घ्यावे आणि त्यात रस्त्यांच्या जुन्या नावांना पहिला मान द्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांचा तळ इथे पडला आणि त्या तळाचेच पुढे शहर झाले. फाळके बाजार, पाटणकर बाजार, चिटणीसांची गोठ ही घराण्यांची नावे त्यामुळेच इथे रुजली. ती टिकून आहेत. पण आतल्या बोळांची आणि वाड्यांमागच्या वाटांची नावे आता फक्त ऐंशी ओलांडलेल्यांच्या तोंडी उरली आहेत. वाडा पाडून अपार्टमेंट उभे राहिले की पाटी इमारतीची लागते, आणि दहा-वीस वर्षांत बोळाचे नाव कोणी घेतही नाही.

या नकाशात जुन्या नावासाठी ‘ओल्ड नेम’ असा वेगळा रकाना आहे. तिथले नाव सहसा नकाशावर छापून येत नाही, पण शोधल्यावर सापडते. पुण्या-मुंबईला गेलेल्या कुटुंबातील नातवाला आजोबांच्या पत्रावरचा पत्ता टाकून ती गल्ली सापडू शकेल. मुख्य नाव मात्र आज पाटीवर आणि बोलण्यात आहे तेच असावे. आवडते जुने नाव त्या जागी दामटणे चूक आहे; भाजी आणायला निघालेला माणूस त्याने रस्ता चुकेल.

सगळीच दुसरी नावे जुनी नसतात, हेही ध्यानात ठेवायला हवे. हिंदीत ‘चिटनीस की गोठ’ आणि आपल्या घरात ‘चिटणीसांची गोठ’ ही दोन्ही आजचीच नावे आहेत. मराठी रूपासाठी नकाशात मराठीचा स्वतंत्र रकाना आहे, तो भरावा. महाराणी लक्ष्मीबाई मार्गाला सगळे एमएलबी रोड म्हणतात. त्या छोट्या नावालाही वेगळी जागा आहे. रस्ताच बुजून त्यावर घरे झाली असतील, तर तो आजच्या नकाशात काढू नये. अशा गोष्टींसाठी ओपनहिस्टॉरिकलमॅप हा निराळा प्रकल्प आहे, त्यात सुरुवातीचे आणि शेवटचे वर्षही देता येते.

नाव कुठून मिळाले ते नोंदीसोबत जरूर लिहावे. जुनी लग्नपत्रिका, खरेदीखत, टपालाचे पाकीट, शेजारच्या आजींची आठवण, सगळे चालेल. दोन-तीन घरांतून तेच नाव आले तर फारच उत्तम. खरेदीखतातील माणसांची नावे मात्र नकाशात टाकू नयेत, आणि दुसऱ्या कंपनीच्या नकाशावरून काहीही उतरवू नये. तो हक्क आपल्याला नाही.

गणेशोत्सवात आजी-आजोबा आणि नातवंडे एकाच मांडवात असतात. मराठी मंडळांनी तिथे एक टेबल मांडावे, लष्कराचा मोठा छापील नकाशा पसरावा आणि वडीलधाऱ्यांना पेन्सिलने नावे लिहू द्यावीत. फोनवर नोंद करायला मुले शेजारी असतीलच. हे याच वर्षी व्हावे, कारण सांगणारी माणसे थकत चालली आहेत.

– एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर