विषय: माझे एच४ कार्बोरेटर मला परत हवेत, तुमचे एचएस४ घेऊन जा

प्रति,
व्यवस्थापक, क्लासिक कार रिस्टोरेशन विभाग,
नवी मुंबई

तुमच्या कस्टमर केअरचा फोन आत्ताच ठेवलाय आणि आता फोन करणार नाही, जे काय ते लेखी. वडिलांच्या एमजीए १५०० या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे दोन एसयू कंपनीचे कार्बोरेटर (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) मी तुमच्याकडे दुरुस्तीला दिले होते. जॉब कार्ड तुमच्याकडे आहेच, त्यावर तुमच्याच माणसाच्या अक्षरात लिहिलंय, "एमजीए १५००, एसयू एच४ जोडी, ओरिजिनल बॉडी ठेवून रिस्टोअर". ओरिजिनल बॉडी ठेवून. हे मी लिहिलेलं नाही, तुम्ही लिहिलंय.

परत काय आलं? चकचकीत खोक्यात, बबल रॅपमध्ये, एचएस४ ची जोडी, म्हणजे एसयूचंच पण वेगळं मॉडेल. तुम्ही कार्बोरेटरच्या धंद्यात आहात म्हणजे फरक तुम्हाला माहीत असणार असं मी धरून चालतो, पण तुमच्या फोनवरच्या लोकांना माहीत नाही म्हणून लिहितो. एच४ मध्ये फ्लोट चेंबरमधून, म्हणजे पेट्रोलच्या छोट्या टाकीतून, पेट्रोल बॉडीच्या आतूनच जेटपर्यंत, म्हणजे ते हवेत सोडणाऱ्या बारीक नळीपर्यंत जातं आणि जेटभोवती बुचाचं पॅकिंग असतं. एचएस४ मध्ये फ्लोट चेंबरच्या तळातून एक नायलॉनची नळी बाहेर निघून जेटला जाते. लांबून बघितलं तरी दिसते ती नळी! एमजीए इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनला १९५५ ते १९६२ बनली आणि एचएस४ ज्या गाडीवर आले ती एमजीबी १९६२ ला आली. म्हणजे वडिलांच्या गाडीवर तुम्ही तिच्या पुढच्या पिढीच्या गाडीचे कार्बोरेटर बसवायला दिलेत. जेटमधून किती पेट्रोल जायचं ते ठरवणारी सुईसुद्धा बदललीत. १५०० ला जीएस खुणेची सुई लागते, तुम्ही पाठवलेल्या सुईच्या बुडावर भिंगातून बघितलं तर ५ नंबर, म्हणजे तीपण एमजीबीचीच. एका परीने कौतुकच आहे, चूक केलीत पण पूर्ण सेटमध्ये केलीत.

आता तो फोन. तुमच्याकडे कॉल रेकॉर्ड होतात असं ती बाई दर वेळी सांगते, तर हा नक्की काढून ऐका. मी त्या मुलाला शांतपणे सांगितलं की बॉडी माझ्या नाहीत. तो म्हणाला, "सर, एसयू लिहिलंय ना त्याच्यावर? मग एसयूच आहे." मी म्हटलं एसयूच आहे रे बाबा पण एच४ नाही. तर म्हणे, "दीड इंचीच आहे सर, जेटपण ०.०९० इंचाचाच आहे, इंजिनला काय कळतंय?" इंजिनला काय कळतंय! रिस्टोरेशन कंपनीचा माणूस हे बोलतोय. मला राग आला पण आवाज चढवला नाही, बायको बाजूला बसली होती, तिला विचारा. मी म्हटलं इंजिनला नाही कळत, मला कळतं आणि पैसे मी दिलेत. मग तो म्हणाला थांबा टेक्निकलला विचारतो, आणि ते संतूर लागलं. बराच वेळ संतूर. मग परत येऊन म्हणतो, "सर, टेक्निकल टीमने सांगितलंय की आधी ओबीडी स्कॅनरचा रिपोर्ट अपलोड करा, त्याशिवाय तिकीट पुढे जात नाही." मी म्हटलं गाडीत कॉम्प्युटर नाही. तो म्हणाला, "स्टिअरिंगच्या खाली पोर्ट असतो सर, नीट बघा ना." म्हटलं अरे, १९५७ ची गाडी आहे. तर विचारतो, "बीएस फोर आहे का थ्री?" हे मी रचून लिहीत नाहीये, रेकॉर्डिंग ऐका. आणि शेवटी वर, "सर तुमचा फायदाच झाला ना, जुनं देऊन नवीन मिळालं."

आजीच्या जुन्या पाटल्या पॉलिशला दिल्या आणि सोनाराने "नवीन डिझाइन आहे" म्हणून दुसऱ्याच पाटल्या हातात ठेवल्या तर त्याला फायदा म्हणतात का?

तुमचे एचएस४ चालणार नाहीत असं मी म्हणत नाहीये. जगात कितीतरी लोक चालवत असतील. पण मला चालवायला हवे असते तर वागळे इस्टेटला आमच्या मिस्त्रींनी कधीच काहीतरी बसवून दिलं असतं, ते पद्मिनी गाडीच्या सोलेक्स कार्बोरेटरवर हात बसलेले आहेत. तुमच्याकडे आलो कारण तुमच्या जाहिरातीत "पिरियड करेक्ट" लिहिलंय. ही गाडी वडिलांच्याही आधी ज्यांच्याकडे होती त्यांनी ती चेन्नईजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर रेसला उतरवली होती, तिथला बॉनेट उघडलेला एक फोटो माझ्याकडे आहे. त्यात फ्लोट चेंबरच्या झाकणावरचे टॅगसुद्धा दिसतात. त्या फोटोवरून, वर्कशॉप मॅन्युअलवरून, सुयांच्या तक्त्यावरून मी एकेक गोष्ट जुळवली आणि ती सगळी फाइल प्रिंट काढून तुम्हाला दिली होती. ती कोणी उघडली तरी का? पहिल्याच पानावर तो फोटो आहे.

आणि जे पाठवलंत ते तरी धड असावं ना. सक्शन चेंबर, म्हणजे पिस्टनवरचे घुमट, बाहेरून आरशासारखे, ठीक आहे, पण आतूनसुद्धा बफ मारलाय! एसयूचं सगळं कामच त्या पिस्टन आणि चेंबरमधल्या बारीक फटीवर चालतं, व्हॅक्यूमने पिस्टन किती उचलायचा ते तिथे ठरतं, म्हणून ते जोडीने मॅच केलेले असतात. मिस्त्रींनी ड्रॉप टेस्ट घेतली, म्हणजे भोकं बंद करून चेंबर पिस्टनवरून खाली सरकायला किती वेळ लागतो ते बघितलं. दीड इंचीला ५ ते ७ सेकंद लागायला हवेत. एकाला लागले. दुसरं चेंबर भोकं बंद करूनही धप्पकन खाली, मिस्त्री नुसते माझ्याकडे बघत राहिले. एक कार्बोरेटर रिच (पेट्रोल जास्त) आणि एक लीन (पेट्रोल कमी) घेऊन गाडी आयडलला कशी राहणार ते तुमच्या टेक्निकल टीमने सांगावं, हवं तर स्कॅन करून.

यात खरी काळजीची गोष्ट अशी की नुसतं बसवून बघितलं तेव्हा ती नायलॉनची नळी फ्लोट चेंबरच्या तळाशी जिथे रबरी ग्लँडने बसते तिथून पेट्रोल ठिबकत होतं. या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत, कार्बोरेटरच्या बरोबर खाली एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि मध्ये फक्त एक पत्र्याची हीट शील्ड. हे मी तुम्हाला शिकवायला नको. गाडी तापलेली असती घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये तर? आता पंपावर सगळीकडे ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, ते रबराला काय करतं ते तुम्हीच तुमच्या माहितीपत्रकात छापलंय. मग तुमच्याच कामात कुठलं रबर वापरलंत?

वाईट याचं वाटतं की मी तुमचं नाव चार लोकांना सुचवलं होतं. एसयू म्हणजे कोण तर स्किनर बंधू, चपला-बुटांच्या धंद्यातलं घराणं, म्हणून त्यांच्या सुरुवातीच्या कार्बोरेटरमध्ये चामड्याचा भाता होता, ही गोष्ट मला तुमच्या रबाळ्याच्या काउंटरवरच्या एका वयस्कर गृहस्थांनी सांगितली होती. ते अजून आहेत का तुमच्याकडे? असतील तर माझी फाइल त्यांना द्या, कृपा करून त्या संतूरवाल्याला नको.

आता माझं म्हणणं. माझ्या ओरिजिनल एच४ च्या दोन्ही बॉडी, त्यांचे स्वतःचे चेंबर, पिस्टन आणि टॅग, जसे असतील तसे परत करा. भंगारात दिले असतील तर कुठल्या भंगारवाल्याला दिले ते लेखी सांगा, मी स्वतः जाऊन शोधतो. थ्रॉटल स्पिंडलला बुश मारून झाले असतील तर त्याचे पैसे धरा, बाकी सगळे परत. सुट्या भागांसाठी मी इंग्लंडमधल्या बर्लेनकडून मागवीन, सॅलिसबरीला एसयूचं काम आज तेच करतात, तुमची मेहरबानी नको. पण बॉडी माझ्याच हव्यात, हे परत लिहितो कारण फोनवर हे कोणालाच कळलेलं नाही.

पंधरा दिवस देतो. नंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार जाईल आणि ठाणे जिल्हा ग्राहक आयोगातही, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे मी राहतो तिथेच केस करता येते, मला पाम बीच रोडला फेऱ्या मारायला लागणार नाहीत, तुम्हाला मात्र खाडी ओलांडून यायला लागेल. जॉब कार्ड, फोटो, सुईच्या नंबरचा क्लोजअप, ड्रॉप टेस्टचा व्हिडिओ सगळं तयार आहे. ओबीडी रिपोर्ट तेवढा नाही.

तुमचे एचएस४ खोक्यात तसेच ठेवलेत. माणूस पाठवाल तेव्हा माझे घेऊन पाठवा, रिकाम्या हाताने आला तर खोकं मिळणार नाही.

आपला ग्राहक, अजूनपर्यंत तरी,
घोडबंदर रोड, ठाणे