काढ्यातले ज्येष्ठमध

उच्च रक्तदाबावरील चिनी वनौषधींची माहिती देणारा आरोग्य पुरवणीतील लेख वाचला. या औषधांना दुष्परिणाम नसतात, हे त्यातील विधान पटले नाही. चिनी काढ्यांत सर्रास पडणारे गानत्साओ म्हणजे आपल्याकडचे ज्येष्ठमधच. ते बरेच दिवस पोटात गेले तर शरीरातील पोटॅशियम घटते आणि रक्तदाब चक्क वाढतो! मा-हुआंग या दुसऱ्या चिनी वनौषधीतील एफेड्रिन या द्रव्यानेही रक्तदाब वाढतो. वनस्पतीत गुण नसतो असे मुळीच नाही. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरील परिणाम १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला, तो रुग्णांवरील चाचणीच्या आधारे. चिनी काढ्यांकडेही तसाच पुरावा मागावा. डॉक्टरांना न विचारता चालू गोळी बंद करू नये, एवढी ओळ तरी लेखात हवी होती.

– एक वाचक, सातारा