बाबा, तुमच्या ‘पुढे काय’चं उत्तर

सिंहगड रोड, पुणे
रविवार, रात्री

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

फोनवर हा विषय निघाला की बाबा, तुम्ही लगेच “बरं, ठेवतो” म्हणता, म्हणून पत्र. माझ्या धाकट्या लेकीने एनडीएचा, म्हणजे खडकवासल्याच्या लष्करी प्रबोधिनीचा, फॉर्म भरलाय आणि पहिली पसंती नौदलाला दिलीय. त्यावर तुमचा एकच सवाल, “साठीच्या आत घरी बसवतात, मग पुढे काय?” जिल्हा परिषदेच्या शाळेत छत्तीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाने आधी शेवटची ओळ बघावी, यात नवल नाही.

उत्तर तुमच्याच फलटण तालुक्यात सापडलं. विंचुर्णीला राहायचे ते व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी. १९७१च्या युद्धात बंगालच्या उपसागरात ‘कामोर्ता’ या युद्धनौकेचे कप्तान, वीरचक्र, नंतर पश्चिम कमांडचे प्रमुख, १९८३ला निवृत्त. शाल-श्रीफळ घेऊन ते थांबले असते तरी कुणी नाव ठेवलं नसतं. पण भारतीय माणसाने भारतातच बांधलेल्या शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हे त्यांनी डोक्यात घेतलं होतं. नौदलाने ते मनावर घेतलं तेव्हा आवटी ऐंशीला टेकले होते. दिलीप दोंदे नावाचे कमांडर पुढे आले. गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात ५६ फुटी ‘म्हादेई’ बांधली. १९ ऑगस्ट २००९ला दोंदे मुंबईहून निघाले आणि वाटेत चारच बंदरांवर थांबून मे २०१०मध्ये परतले. मग नौदलाचेच अभिलाष टॉमी कुठेही न थांबता फिरून आले, ‘तारिणी’ या दुसऱ्या बोटीवरून नौदलातल्या सहाजणी गेल्या आणि २०२५च्या मे महिन्यात दिलना आणि रूपा दोघीच जग फिरून गोव्याला लागल्या. धाकटीच्या टेबलासमोर या दोघींचा फोटो चिकटवलाय. भिंतीचा रंग निघाला, ते सोडा.

दुसरे आरोग्यस्वामी पॉलराज. पंधराव्या वर्षी एनडीएत आले, नौदलातच राहून आयआयटी दिल्लीतून पीएचडी केली, युद्धनौकांसाठी देशी ‘सोनार’, म्हणजे आवाजावरून पाणबुड्या हुडकणारी यंत्रणा, उभी केली. १९९१मध्ये, पन्नाशीच्या आतच, नौदल सोडून स्टॅनफर्डला गेले. पाठवताना आणि घेताना एकाहून जास्त अँटेना वापरायच्या, म्हणजे त्याच लहरींतून कितीतरी जास्त माहिती जाते, ही त्यांची कल्पना. आज फोरजी आणि वायफाय त्याच तत्त्वावर चालतात. रोज सकाळी तुम्ही पाठवता ते फुलांचे सुप्रभातही त्याच वाटेने येतात, बाबा.

आई, तुझी भीती वेगळी आहे. ती खोटी म्हणणार नाही. ‘खुकरी’ ही युद्धनौका ९ डिसेंबर १९७१ला दीवजवळ बुडाली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. तिचे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांनी स्वतःचं लाइफ जॅकेट दुसऱ्याला दिलं आणि ते जहाजावरच राहिले. धाकटीला हे ठाऊक आहे. मला वाटलं होतं वाचून ती गप्प होईल, तर म्हणाली, “आजीला मीच सांगते.” तुला सांगितलं नसेल, तर तिला धीर झाला नाही असं समज.

आज आम्ही खडकवासल्याला गेलो होतो. पुण्याला समुद्र नाही म्हणून तुम्ही हसता, पण नौदलाची पोरं शिडं सांभाळायला शिकतात ती याच धरणाच्या पाण्यात, एनडीएच्या पीकॉक बेमध्ये. पलीकडे लांबवर तीन-चार पांढरी शिडं दिसत होती. त्यातलं एक वाऱ्याने कलंडलं आणि पाण्यावर सपाट झालं. धाकटी भजीची प्लेट हातात धरून आकडे मोजत उभी. एकशे दहापर्यंत गेली तेव्हा शीड हळूहळू उभं राहिलं. भजी गार. “आधी वाऱ्याकडे तोंड करायचं असतं,” मला सांगते. स्वतः अजून पालिकेच्या तलावाच्या पलीकडे गेलेली नाही!

आता मुद्द्याचं. फिजिक्स बरं आहे, त्रिकोणमिती कच्ची आहे. क्लासवाल्याकडे साठ पोरं, तिथे शंका विचारायची सोय नाही. तुमचे दिवस जात नाहीत अशी आईची तक्रार आहे, आणि मला सध्या चांगला गणिताचा मास्तर परवडत नाही. परीक्षेपर्यंत इकडे या. आतली खोली रिकामी केलीय, फळाही आणलाय. आई, शेंगदाण्याची चटणी जास्त आण, धाकटी डबाच्या डबा संपवते. फलटणहून सकाळच्या एसटीने निघा, मी स्वारगेटला येते.

तुमची,
थोरली