उलांडीचा पूल

ता. दापोली, जि. रत्नागिरी
पाडव्याच्या आदल्या दिवशी

प्रिय बंड्या,

तांडेलाच्या नातीने शनिवारी शाळेत कागदाच्या पुलाला उलांडी लावली, होडी कलंडू नये म्हणून बाजूला बांधतात ती. घरात हे सांगितलं तर ही 'बरं' म्हणून भाजी निवडायला बसली. शाळेत सांगितलं तर बाईंनी पोषण आहाराची वही पुढे केली. म्हणून तुला लिहितोय. फोनवर हे जमायचं नाही, तू मध्येच बोलतोस.

आईचा गुडघा आहे तसाच आहे. माझं बीपी गोळीने ठीक. काजू बरा लागलाय, आंबा यंदा उशिरा. झाली खुशाली.

आता नीट ऐक. शनिवारी आमच्याकडे दप्तर नसतं. परवा पुलाचा खेळ होता. दोन बाकं दीड फुटावर ठेवायची. प्रत्येक गटाला वर्तमानपत्राचे आठ कागद, वाटीभर खळ, थोडी सुतळी आणि मूठभर हीर, म्हणजे खराट्याच्या काड्या. पूल झाला की त्यावर मधोमध पत्र्याचा डबा ठेवायचा आणि त्यात मूठमूठ वाळू टाकत जायची. फळ्यावर आकृती नाही, आधी शिकवणं नाही. नियम एकच: पूल गेला तर का गेला ते ज्याचा गेला त्यानेच सांगायचं, दुसऱ्याने बोलायचं नाही.

पहिल्या खेपेला सगळे कागद सपाट पसरतात आणि डबा ठेवल्या ठेवल्या जमिनीवर येतो. मग कुणीतरी कागदाला पुढे-मागे घड्या घालतं. तिसरीतल्या एकाने परवा त्या घड्यांवरून बोट फिरवलं, वर छपराकडे बघितलं आणि ओरडला, 'पत्रा!' पन्हळी पत्रा पन्हळी का असतो हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. उंची दुप्पट केली तर वाकवायला आठपट जोर लागतो, हे गणित तू मला कॉलेजात असताना वडाखाली बसून समजावलं होतंस, वहीची चार पानं भरवून. त्या पोराला ते बोटाने कळलं. मग नळ्या आल्या. हिरांच्या जुडीभोवती कागद घट्ट गुंडाळायचा, टोकाला खळ लावायची, वाळला की हीर ओढून काढायचे. उभी लांब नळी मध्येच फुगून वाकते, अर्धी कापली की चौपट भार घेते. मुलांनी 'चौपट' म्हटलं नाही, 'आखूड केली की ऐकते' म्हटलं. मला तेवढं पुरतं.

तर उलांडी. दुपारपर्यंत सगळ्या गटांची एकच रड होती. पूल मोडत नव्हता, कलंडत होता. डबा जरा एका अंगाला बसला की अख्खा पूल कूस बदलून खाली. प्रत्येक गट पूल जाड करत सुटला. कागद संपले, पूल कलंडतोच आहे. ही पोर आपली गप्प. तिने पुलापासून वीतभर लांब, त्याला समांतर अशी एक नळी ठेवली आणि दोन्ही टोकांना आडवे हीर घालून सुतळीने पुलाला बांधून टाकली. मी म्हटलं, हे काय गं? म्हणाली, "होडीला असते ना गुरुजी, उलांडी." मी गप्प राहायला हवं होतं, तरी विचारलंच, की या बाजूला कलला तर नळी बाकावर टेकेल, पण पलीकडच्या बाजूला कलला तर? तिने थोडा वेळ नळीकडे बघितलं, बाहेर गेली, ओंजळभर वाळू आणली आणि नळीत भरून दोन्ही तोंडं चिंधीने बंद केली. पलीकडे कलायला लागला की वाळूचं वजन इकडून धरतं. बंड्या, चौथीतली मुलगी! डबा शिगोशीग भरला, वर मी माझा पाण्याचा तांब्या ठेवला. पूल जागचा हलला नाही.

दोन्ही अंगांना का नाही लावली, असं दुसऱ्या गटाने विचारलं. ती म्हणाली, "कागद उरले नाहीत, आणि होडीला एकाच अंगाला असते." पहिलं कारण ऐकून मला जास्त आनंद झाला.

तुला आता काय आठवतंय ते मला माहीत आहे. पऱ्यावरचा, म्हणजे ओढ्यावरचा आपला साकव. एकच पोफळ टाकली होती, सुपारीचं खोड, गोल, सालीसकट. तू मधोमध गेलास, ती फिरली, तू पऱ्यात आणि तुझी नवी चप्पल थेट खाडीच्या दिशेने. मोठी काकू काठावर उभी राहून हसत होती की रडत होती ते अजून ठरलेलं नाही. त्यानंतर अख्खी मे महिन्याची सुट्टी आपण भांडलो. तू म्हणायचास, आधी कागदावर काढलं असतं तर हे झालं नसतं. मी म्हणायचो, कागदावर पोफळ फिरत नाही, पडल्यावरच कळतं. आबांनी दोघांनाही उत्तर दिलं नाही, दुसरी पोफळ आणून पहिलीच्या शेजारी टाकली आणि वर चुडतं आडवी बांधली. त्या भांडणात मी अजून माझ्याच बाजूला आहे. तूही तुझ्या असशील. तुझ्या बाबांनी आपल्याला रत्नागिरीजवळच्या पानवलचा रेल्वेचा पूल दाखवायला नेलं होतं, तेव्हाही तू म्हणालास, बघ, ४२४ मीटर लांब आणि ६४ मीटर उंच, हे काय आधी बांधून मग बघितलं असेल? बरोबर आहे. पण तो पूल एका टोकाकडून सरकवत नेऊन घातला, हे तूच मला नंतर सांगितलंस, आणि ते मला कळलं तेव्हा मी बाकावर पट्टी सरकवत होतो, मागे वजन ठेवून. हातात असल्याशिवाय माझ्या डोक्यात शिरत नाही. बऱ्याच मुलांचं असंच असतं रे, आणि त्यांना आपण 'ढ' म्हणतो.

आणि तुमच्या ऑफिसने हॉटेलात नेऊन तुम्हा इंजिनीअरांना स्पॅगेटीचा मनोरा करायला लावला होता, विसरलास? वीस काड्या, टेप, दोरी, १८ मिनिटं, आणि टोकाला ती मऊ गोड गोळी. सतरा मिनिटं आकृत्या काढल्या, शेवटच्या मिनिटाला गोळी वर ठेवली आणि मनोरा साहेबांच्या ताटात, हे तुझेच शब्द. टॉम वुजेक या माणसाने हा खेळ कितीतरी गटांकडून करून घेतला, आणि बालवाडीतली मुलं मॅनेजमेंट शिकणाऱ्यांपेक्षा उंच मनोरे करतात असं त्याने सांगितलंय. मुलं गोळी पहिल्यापासून वर ठेवून बघतात, पडली की बदलतात. मी इथे हीर आणि लिंबू घेऊन तेच करतो. लिंबू जड असतं, लगेच खरं बोलतं.

आता काळजीचं. आमची शाळा चौथीपर्यंतच, म्हणजे जूनमध्ये तांडेलाची नात जाणारच. आईने दाखला मागून ठेवलाय. पनवेलला मामाकडे राहणार, इंग्रजी माध्यमात नाव घातलंय. जाऊ नको म्हणायचा मला हक्क नाही, आणि म्हणणारही नाही. मुलगी शिकावी म्हणून ती बाई पहाटे हर्णैच्या बंदरावर टोपली घेऊन उभी असते. मामाही भला माणूस. शिमग्याला आला तो भाचीला मोठा खोका घेऊन आला, पूल बांधायचा. प्लॅस्टिकचे तुकडे, प्रत्येकावर आकडा, झाकणावर चित्र. तिने एका बैठकीत चित्राबरहुकूम पूल केला आणि शाळेत आणून मला विचारलं, "गुरुजी, आता ह्याचं काय करायचं?" तुकडा ज्या भोकात जायचा त्याच भोकात जातो, दुसरा पूल त्यातून होत नाही. हे एक वेळ चालेल. पण मग ती म्हणाली, "बरोबर आहे ना?"

हे मला झोंबलं बंड्या. या मुलीने मला आजवर कधी 'बरोबर आहे ना' विचारलं नव्हतं. वाळू टाकायची आणि बघायचं. पूल बरोबर की चूक हे वाळू सांगते, गुरुजी नाही. दोन-तीन वर्षं खपून मी या मुलांना एवढंच दिलंय आणि ते एका खोक्याने हलतं, हे मला दिसलं. आता जिथे जाणार तिथे पट मोठा, तासाला तास लागलेला. पूल मोडायला वेळ कोण देणार? गेल्या वर्षी एका विज्ञान प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालेला पूल मी पाहिला. थर्माकोलचा, रंगवलेला, खाली निळी नदी, दिवेसुद्धा. मुलांना म्हटलं, यावर माझा डबा ठेवू? त्यांचे वडीलच पुढे आले, "हात लावू नका सर." मुलं बाजूला उभी होती. ती पोरं मला अजून दिसतात.

हे नुसतं खेळाचं नाही म्हणून इतकं लागतं. महाडला सावित्रीवरचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला, दोन एसटी गाड्या घेऊन. आमची चौथीतली पोरं तेव्हा पाळण्यात नाहीतर पोटात. तरी मुंबईला जाताना नव्या पुलावर आया हात जोडतात ते ती बघतात. एकाने मला विचारलं, "त्या पुलावर कुणी वाळू टाकून बघितली नव्हती का?" मी सांगितलं, पूल तपासणारी माणसं असतात, माझा मित्र तेच काम करतो, त्याला विचारतो. तर उत्तर लिही. मुलांना वाचून दाखवेन, म्हणून सोपं लिही. निसर्ग वादळात ३ जून २०२० ला आपल्याकडची छपरं गेली, तेही त्यांनी असंच विचारून विचारून काढलं. पुठ्ठ्याचं घर, कागदाचं छप्पर, समोर टेबलफॅन. दार उघडं असलं की वारा आत शिरून छप्पर उचलतो, बंद केलं की कमी उचलतो. मग प्रत्येकाने घरी जाऊन दाराचे अडसर तपासले. एकाच्या आजीने येऊन मला विचारलं, पोराला काय झालंय म्हणून.

तुझं नवीन घर ताब्यात मिळालं हे कळलं, फार बरं वाटलं. लेकीची दहावी संपली असेल, तिला आशीर्वाद. तुझी बदली रद्द झाली का? आत्याचं मोतीबिंदू झालं ना? वहिनींना नमस्कार.

आणि आता मागणं. मामाचं घर तुमच्यापासून रिक्षाच्या अंतरावर आहे. जूनपासून महिन्यातला एखादा रविवार या मुलीला दे. तुझी लेक असू दे, इमारतीतली आणखी चार पोरं असू देत. गच्चीवर जमा. रद्दी, खळ, सुतळी, खराट्याच्या काड्या एवढं पुरे. पहिल्या रविवारी ॲल्युमिनियमच्या फॉइलच्या होड्या कर, सगळ्यांना एकाच मापाचा तुकडा, बादलीत सोडायच्या आणि नाणी घालत जायचं. ती तिथे सगळ्यांना पुरून उरेल, नव्या ठिकाणी तेवढा धीर येईल. मग कच्चं अंडं जिन्यावरून टाका, पेंढा मी आंब्याच्या पेटीतून पाठवतो, तो पेटीत कशाला घालतात हे तिने स्वतः शोधू दे. मग विज्ञानाची खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांचं ते काडीकाम, १९७८ मध्ये होशंगाबादला केलेलं: आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे. चौकोन ढकलला की तिरपा होतो, त्रिकोण होत नाही.

पण हे तिला सांगू नकोस! इथेच मला तुझी भीती वाटते. तू खिशातलं पेन काढशील, आकृती काढशील, बाण दाखवशील. बंड्या, पाया पडतो, रविवारी पेन घरात ठेव. ती अडली की हात मागे बांध आणि वाळू पुढे सरकव. तुझी आकृती हवीच आहे, पण पूल तीनदा पडल्यावर. तेव्हा ती स्वतः मागेल, आणि तेव्हा तुझ्याइतकं चांगलं कुणी सांगणार नाही, हे मी त्या भांडणातही मनात मान्य केलं होतं.

'बरोबर आहे ना' असं तिने तुला विचारलं तर मात्र मला त्याच दिवशी कळव.

वहिनींना आधी विचार, गच्ची त्यांच्या वाळवणाची असेल. होकार आला की मामाशी मी बोलतो. मे महिन्यात येशील तेव्हा व्हॉल्व्ह ट्यूब घेऊन ये, दापोलीतल्या सायकलवाल्याकडे आता मिळत नाही. आणि सावित्रीचं उत्तर त्याआधी टपालात टाक, मुलं रोज विचारतात.

तुझा
बाबू