पैठणी विचारून

नाशिक, रविवार दुपार

प्रिय पमे,

तुझा काल रात्रीचा सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला, एकदा भांडी लावताना आणि एकदा नीट बसून. व्हॉट्सॲपवर उत्तर टाइप करायला घेतलं पण अर्ध्यातच अंगठा दुखायला लागला, म्हणून लॅपटॉप उघडून सरळ पत्रच लिहितेय. सासूबाई झोपल्यात, नवरा मुलाला घेऊन क्रिकेटला गेलाय, तासभर तरी कोणी हाक मारणार नाही.

तर तुला आर्टिकल लिहायला सांगणारा तो ट्रॅव्हलवाला. वीस आर्टिकल, प्रत्येकी हजार शब्द, शब्दाला चाळीस पैसे, आणि वर "तुम्ही नवीन आहात म्हणून हा रेट, पुढे वाढवू". तू म्हणालीस, घरी बसून आठ हजार मिळतायत, काय वाईट आहे. पमे, हे "घरी बसून" आधी डोक्यातून काढ गं. घरी बसून म्हणजे काय, लाइट आपली, नेट आपलं, खुर्ची आपली, कंबर आपली, आणि आठ वर्षं तू त्या पेपरच्या डेस्कवर रात्री दीड-दीड वाजेपर्यंत पानं लावलीस ते काय नवीन? फ्रीलान्सिंगला नवीन असशील, मराठीला नाहीस.

आता हिशोब बघ, मी माझाच सांगते. मला घरात महिन्याला 35,000 द्यायचेत. त्याच्यावर नेट, इन्व्हर्टर, लॅपटॉप (चार वर्षांत बसतोच, त्याचे दर महिन्याचे हजारेक धरायचे), मेडिक्लेम जो आता कुठली कंपनी आपल्यासाठी भरत नाही, सीएची फी, असे सहा हजार. झाले 41,000. वर्षाचे 4,92,000. बारा महिने काम होत नाही, दिवाळी, मुलाच्या परीक्षा, कोणाचं तरी लग्न, एक आजारपण, म्हणून अकराच धर. महिन्याला 25 दिवस. आणि दिवसाला तास किती? मी सुरुवातीला आठ धरले होते. एक आठवडा वहीत खरोखर लिहून ठेवलं तेव्हा कळलं की ज्याचे पैसे लावता येतात असे तास साडेतीनच निघतात. बाकीचे मेलमध्ये, फोनवर, "मॅडम जरा टोन बदला ना"मध्ये आणि पैसे मागण्यात जातात. म्हणजे वर्षाचे साडेनऊशे तास. भाग दे, तासाला 500 रुपयांच्या वर मिळायला हवेत.

हजार शब्दांच्या बऱ्या आर्टिकलला मला साडेचार तास लागतात, दीड वाचायला, दोन लिहायला, एक दुरुस्तीत. तू माझ्यापेक्षा फास्ट आहेस, पण कोकणातल्या वीस ठिकाणांची माहिती, बोटीच्या वेळा, पावसाळ्यात काय बंद असतं, हे फोन करून विचारायचं म्हटलं तर तुलाही तेवढे लागतीलच. वीस आर्टिकलचे नव्वद तास. आठ हजाराला नव्वदने भाग, तासाला 89 रुपये. आणि तेही पैसे वेळेवर आले तर.

पण खरी गोम वेगळीच आहे, आणि ती मला कळायला दोन वर्षं लागली. शब्दावर रेट हा इंग्रजीचा हिशोब आहे, मराठीत त्यात आपण मरतो. इंग्रजीत 'ईव्हन दोज हू हॅड कम फ्रॉम द व्हिलेजेस' म्हटलं की आठ शब्द. मराठीत 'गावांहून आलेल्यांनीसुद्धा'. दोन! आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात ना, त्यामुळे जेवढं नीट, घट्ट लिहू तेवढं बिल कमी. भाषांतरात तर सरळ नुकसान, इंग्रजी हजार शब्दांचं मराठी माझ्याकडे आठशेच्या आसपास येतं, आणि क्लायंट म्हणतो आम्ही मराठी शब्द मोजणार. का बाबा?

आता तुला एक सांगते, कोणाला बोलू नकोस. मी शब्द फोडायला लागले होते. पहिल्या वर्षी पुण्यातल्या एका एजन्सीचं काम करायचे, पस्तीस पैशांनी. 'त्यामुळे'च्या जागी 'त्या कारणामुळे', 'बसलंय'च्या जागी 'बसलेले आहे', 'घरासमोर'चं 'घराच्या समोर', 'करतात'चं 'करत असतात'. चार पैसे जास्त मिळायचे, खरंच चारच. एकदा माझंच जुनं आर्टिकल शोधायला गेले आणि वाचवेना, सरकारी परिपत्रक वाचल्यासारखं वाटलं. त्या एजन्सीने हेडिंगचे शब्द मोजले नाहीत, तीन वेळा दुरुस्त्या करून घेतल्या आणि पैसे चौथ्या महिन्यात दिले, ते सगळं मी विसरले असते, पण ते 'करत असतात' अजून टोचतं. तुझी सवय बिघडू देऊ नकोस एवढ्याचसाठी म्हणतेय, शब्दावर घेऊ नकोस. लेखाला रेट सांग. भाषांतर असेल तर मूळ इंग्रजी शब्दांवर सांग, ते काम सुरू करायच्या आधीच दोघांना मोजता येतात, नंतर वाद नाही.

रेट कसा सांगायचा हे मला आमच्या इस्त्रीवाल्या दादांनी शिकवलं, हसू नकोस. त्यांच्या टपरीत बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा लटकवलाय, स्केचपेनने लिहिलेला. शर्ट 10, पँट 10, साधी साडी 40, काठाची 60. अर्जंट डबल. आणि सगळ्यात खाली, 'पैठणी विचारून'. मी एकदा लग्नाला जायच्या गडबडीत पैठणी घेऊन गेले, म्हटलं दादा साडीच तर आहे, साठ घ्या ना. त्यांनी पदर उलटा करून जरीचे धागे बघितले, बोटाने चाचपले, म्हणाले, "ताई, हिला सुती फडकं टाकून करावी लागते, वेळ जातो, दीडशे." आणि साडी परत माझ्या हातात ठेवली. रागाने नाही गं, अगदी शांतपणे, म्हणजे जमत असेल तर द्या. मी दीडशे दिले. घरी येऊन त्याच रात्री माझा पुठ्ठा लिहिला.

माझ्या पुठ्ठ्यावर सध्या असं आहे: साधं आर्टिकल 2,200, भाषांतर मूळ शब्दाला दीड रुपया, दोन वेळा दुरुस्ती धरून, तिसऱ्यांदा आली तर वेगळे पैसे. अर्जंटला दीडपट, डबल म्हणायची हिंमत अजून नाही. मेडिकल, कायद्याचं वगैरे 'विचारून'. युनिकोडमध्ये (मोबाइलवर, नेटवर चालतं ते मराठी टायपिंग) दिल्यावर डीटीपीवाल्याला श्रीलिपीत (छपाईवाल्यांची जुनी फॉन्टची पद्धत) पाहिजे असेल तर त्याचेही पैसे, कारण कन्व्हर्ट केल्यावर जोडाक्षरं फुटतात आणि ती शोधत मीच बसते. सगळे देतात का? छे. तिघांतले दोघं "कळवतो" म्हणतात आणि कळवत नाहीत. मागच्या जूनमध्ये शाळेची फी आणि गणवेश एकदम आले तेव्हा मी शब्दाला रुपयाने काम घेतलंय, लपवत नाही. पण तेव्हा कमी घेतेय हे मला माहीत होतं, किती कमी तेही माहीत होतं. आधी ते पण माहीत नसायचं.

आता एआयचं. हल्ली नवीन प्रकार निघालाय, "मॅडम चॅटजीपीटीने लिहून घेतलंय, तुम्ही फक्त मराठी नीट करा, शब्दाला दहा पैसे." एकाची फाइल घेतली, सर्दीवरचा लेख, दुसऱ्याच ओळीत 'धावणारे नाक', इंग्रजी 'रनी नोज'चं शब्दशः. मी हसून हसून नवऱ्याला वाचून दाखवलं, मग पुढे वाचलं आणि हसू गेलं, कारण असल्या लेखात एकेक वाक्य उचलून परत बसवावं लागतं आणि औषधाबद्दलचं प्रत्येक विधान तपासावं लागतं, त्यापेक्षा नवीन लिहिलेलं परवडतं. असं काम आलं तर तासावरच घे, दुसरं काही ऐकू नकोस.

पैशांच्या दोन-तीन गोष्टी पटकन. एका क्लायंटचं काम वर्षात 50,000 च्या वर गेलं की कंपनी 10 टक्के टीडीएस, म्हणजे आधीच टॅक्स, कापते (2025 च्या एप्रिलच्या आधी 30,000 ची मर्यादा होती). घाबरू नकोस, तो तुझ्याच पॅनवर जमा होतो, रिटर्न भरलं की टॅक्स बसत नसेल तर परत येतो. मी पहिल्या वर्षी तो पैसा गेलाच समजून रडले होते. जीएसटी वर्षाला 20 लाखांच्या आत लागत नाही, तिकडे आपली गाडी कधी जायची ती जाईल.

आणि उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून टाक. आधारवर होतं, फुकट, सरकारी साइटवरच कर, दोन-तीन हजार मागणाऱ्या साइट्सच्या नादी लागू नकोस. 2006 च्या कायद्याप्रमाणे छोट्या उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर 15 दिवसांत, नाहीतर व्याज लागतं, तेही रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट. आपण काही कोर्टात जाणार नाही गं, पण बिलावर खाली तो उद्यम नंबर असला ना की अकाउंट्सवाले जरा हलतात, कारण उशीर केला तर तो खर्च त्यांना पैसे दिल्याशिवाय टॅक्समध्ये दाखवता येत नाही. माझं एक बिल तीन महिने 'प्रोसेसमध्ये' होतं, नंबर टाकून परत पाठवलं, नवव्या दिवशी पैसे आले.

फुकट सॅम्पल देऊ नकोस हं. मी तिघांना दिली, त्यातलं एक त्यांच्या साइटवर अजून आहे, माझं नाव नाही. पेपरमधली तुझी कात्रणं आहेत, तीच पाठव.

ट्रॅव्हलवाल्याला आज काही लिहू नकोस. उद्या सकाळी एवढंच लिही की वीस लेख तुमच्या बजेटमध्ये बसणार नाहीत, चार करून देते, लेखाला 2,000, निम्मे आधी, दोन दुरुस्त्या धरून. मेलवरच लिही, फोनवर तू लगेच विरघळतेस. पाठवायच्या आधी मला दाखव, तू त्यात "जमल्यास" आणि "तुम्हाला योग्य वाटेल ते" घालणार हे मला ठाऊक आहे, ते मी काढून टाकीन.

बेल वाजली, बहुतेक सिलेंडर आला. मीच घरी असते ना.

तुझीच,
इस्त्रीवाल्यांची शिष्या