दाढीच्या वडीचा फेस आणि दुष्फेन पाणी

मा. संपादक,

स. न. वि. वि.

दाढीच्या साबणाची गोल वडी किंवा कांडी आजही कमी पैशांत उत्तम दाढी करून देते. तरी ‘हिला फेसच येत नाही’ म्हणून अनेकजण ती अर्ध्यावर टाकतात आणि डब्यातला तयार फेस घेऊ लागतात. तक्रार खरी असते, पण ठपका भलतीकडे ठेवला जातो. बहुतेक घरांत घडते ते असे: ब्रश नळाखाली धरायचा, निथळत्या ब्रशाने वडीवर चार-पाच फेरे मारायचे, पांढरे बुडबुडे दिसले की थेट गालावर. ते बुडबुडे म्हणजे हवा आणि पाणी. साबण त्यात नावापुरताच असतो. अर्ध्या गालापर्यंत पाते जाईतो दुसरा गाल कोरडा पडलेला असतो.

एका दाढीला साधारण एक ग्रॅम साबण ब्रशवर यायला हवा. तो कसा आणायचा, यातच सारे आहे.

आंघोळीला जाण्याआधी वडीवर चमचाभर कोमट पाणी घालून ठेवावे. दोन-तीन मिनिटांत वरचा थर मऊ पडतो. ते पाणी ओतून द्यावे किंवा दाढीवर चोळावे, पण वडीवर ठेवू नये. ब्रश डुकराच्या केसांचा असेल तर तोही पाच मिनिटे भिजू द्यावा. केस पाणी पितात आणि मऊ होतात. कोरडाच वापरला तर तो फेसातले पाणी ओढून घेतो. नायलॉनच्या ब्रशाला भिजवण्याची गरज नसते, मात्र त्याच्या केसांत पाणी मुरत नाही, ते नुसते अडकून राहते आणि घोटताना सगळे एकदम बाहेर येते. म्हणून तो जास्त झटकावा. कोणताही ब्रश असो, दोन-तीनदा नीट झटकून, टोकांनीच, जोर न देता वडीवर पाऊण ते एक मिनिट फिरवायचा. घड्याळ लावून पाहावे. एक मिनिट वाटते त्याहून बरेच लांब असते. सुरुवातीला येणाऱ्या फेसाला भुलू नये. तो विरून ब्रशाच्या टोकांना चक्क्यासारखा घट्ट, बुडबुडे नसलेला लगदा चिकटला की थांबावे.

आता पाणी. वाटीत किंवा थेट गालावर घोटायला लागावे आणि अर्धा चमचा, म्हणजे दोन-तीन मिलिलिटर, एवढेच पाणी एका वेळी घालावे. प्रत्येक वेळी वीस-तीस सेकंद घोटून मगच पुढचे. असे पाच-सहा वेळा केले की चक्क्याचे फेटलेले श्रीखंड होते: चकचकीत, दाट, ब्रश उचलल्यावर मऊ टोक उभे राहून किंचित वाकणारे. चिमटीत घेऊन बोटे चोळली तर ती घसरली पाहिजेत. फेस फुललेला पण निस्तेज दिसत असेल, बोटांना चिकटत असेल आणि पात्यावर गोळा होत असेल, तर त्याला पाणी कमी पडले आहे. आणखी अर्धा चमचा घालावे. मोठे बुडबुडे दिसत असतील आणि फेस हनुवटीवरून ओघळत असेल, तर साबण कमी पडला आहे. अशा वेळी कितीही घोटले तरी उपयोग नाही, ब्रश झटकून पुन्हा वडीकडेच जावे लागते. बहुतेक लोक या दुसऱ्या चुकीत अडकतात आणि उपाय म्हणून आणखी पाणी घालतात.

पाण्याचा दोषही असतोच. शाळेच्या पुस्तकात ज्याला दुष्फेन म्हणतात त्या पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून पांढरा साका तयार करतात. बोअरचे पाणी वापरणाऱ्यांना तो बादलीच्या कडेला रोज दिसतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची कठीणता (म्हणजे ते किती दुष्फेन आहे याचे माप) लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावी आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालते. 600 च्या पाण्याचा एक लिटर साडेतीन ग्रॅमहून जास्त साबण खातो. आता दाढीचा हिशेब करा. फेसात पाणी जाते जेमतेम वीस मिलिलिटर, म्हणजे वाया जाणारा साबण सुमारे सात शतांश ग्रॅम. ब्रशवर पुरता एक ग्रॅम आणला असेल तर हे नुकसान जाणवतही नाही. पाव ग्रॅमच आणला असेल तर जवळजवळ तीस टक्के साबण साक्यात गेला, आणि साक्याचे कण उरलेले बुडबुडेही फोडतात. तेव्हा पाणी दुष्फेन असेल तर पहिला इलाज वडीवर आणखी अर्धा मिनिट, हाच.

त्यानेही भागले नाही तर गाळणयंत्राचे (आरओचे) वाटीभर पाणी घ्यावे. ब्रश भिजवण्यासकट तेवढे पुरते. पावसाळ्यात पहिल्या काही सरींनंतर धरलेले पन्हाळीचे पाणी फार छान फेस देते. उकळून, गार करून वरचे निवळ पाणी घेण्याचा उपाय फक्त बायकार्बोनेटमुळे आलेल्या कठीणतेवर चालतो. सल्फेट आणि क्लोराइडची कठीणता उकळून जात नाही. पाण्यात लिंबू पिळू नये, आम्लाने साबणच फुटतो. धुण्याचा सोडा पाणी सुफेन करतो, पण चेहऱ्यासाठी नको, कातडी चरचरते. तुरटीबद्दल तर मोठा गैरसमज आहे. ती गढूळ पाणी निवळते, दुष्फेन पाणी सुफेन करत नाही. उलट तुरटी फेसाची वैरीण आहे: तिच्यातले अ‍ॅल्युमिनियम साबणाशी न विरघळणारा चिकटा बनवते. दाढीनंतर ती गालावर जरूर फिरवावी, पण तुरटीचे हात ब्रशाला लावू नयेत आणि तिचा खडा साबणाच्या वाटीत ठेवू नये.

अंगाचा साबण दाढीला वापरणाऱ्यांसाठीही दोन शब्द. वेष्टनावर टीएफएमचा (एकूण मेदद्रव्याचा) आकडा मोठा असला म्हणजे फेस टिकेल, असे नाही. त्या आकड्यातून मेदाम्ले किती ते कळते, कोणती ते कळत नाही. खोबरेल किंवा पामच्या बियांतल्या गराच्या तेलाची मेदाम्ले झटकन मोठा फेस देतात, तो तितक्याच झटकन बसतो. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्लाचा भाग मोठा असतो, त्याने बुडबुडे बारीक येतात आणि टिकतात. त्यात सोडियमबरोबर पोटॅशियमचा क्षार असेल तर वडी लवकर विरघळते. पोटॅशियम नसलेली किंवा जुनी, वाळून दगड झालेली वडी ब्रशाला दाद देत नाही. तिच्यावर काट्या-चमच्याने उभ्या-आडव्या रेघा ओढाव्यात, नाहीतर किसणीवर किसून, चार थेंब पाणी शिंपडून, स्टीलच्या वाटीत अंगठ्याने दाबून बसवावी. अ‍ॅल्युमिनियमची वाटी टाळावी, साबणाच्या क्षाराने ती काळवंडते.

कांडीचे काम याहून सोपे. ओल्या दाढीवर केसांच्या उलट दिशेने आठ-दहा वेळा घासली की पुरेसा साबण खुंटांवरच बसतो. मग झटकलेला ब्रश फिरवून थोडे थोडे पाणी द्यायचे. नवशिक्याने वडीऐवजी कांडीपासूनच सुरुवात करावी.

पाणी कोमट असावे, कढत नको. कढत पाण्याने फेस लवकर बसतो. उन्हाळ्यात पंखा बंद ठेवावा. कोरड्या हवेत चालू पंख्याखाली चांगला फेसही दोन मिनिटांत पापडासारखा वाळतो. काम झाल्यावर ब्रश धुऊन, झटकून मोकळ्या हवेत ठेवावा, वडीखाली पाणी साचू देऊ नये. दुष्फेन पाण्यात ब्रशाच्या मुळाशी साका बसतो आणि ब्रश ताठरतो. महिन्यातून एकदा कपभर पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून त्यात पाच मिनिटे बुडवावा आणि वास जाईपर्यंत धुवावा, कारण उरलेले आम्ल दुसऱ्या दिवशीचा फेस बिघडवते.

साबण बनवणाऱ्यांना एक आग्रहाची विनंती आहे. वडीच्या वेष्टनावर सुगंधाचे कौतुक थोडे कमी करून किती वेळ घोटावे, पाणी केव्हा आणि किती घालावे हे मराठीत चार ओळींत छापावे. आणि ग्रामपंचायती, नगरपालिका पाण्याचे नमुने तपासून घेतातच. त्या अहवालातला कठीणतेचा आकडा फलकावर लावला, तर दाढीपासून धुण्यापर्यंत कोणत्या पाण्याला किती साबण लागेल हे घरोघरी कळेल.

आपला,
एक वाचक, लातूर